यायले चढाव लागते

"म्हनजे पावणेदोन घंटे!" भगवानराव भवऱ्यांनी तिकिटाचा कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "पावणेचारले निंगते, साडेपाचले पोचते. सत्यभामा, आयकलं का? आपली पोट्टी यवतमाळपेक्षाई जवळ राह्यते."

"हाव ना," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "म्हनून त दोन-दोन वर्सं येत नाई."

साधना ओसरीत बॅगेवर गुडघा देऊन चेन ओढत होती. आईने भरलेली तुरीची डाळ आणि तिखटाचे डबे काही केल्या आत बसत नव्हते. दुपारच्या गाडीने तिला पुसदहून नागपूरला निघायचं होतं, तिथून पहाटेच्या विमानाने दोह्याला. तिथल्या एका दवाखान्यात ती नऊ वर्षं नर्स होती.

"किती किलोमीटर म्हनते थे?"

तिने फोन पुढे केला. पडद्यावर दोन चौकटी होत्या. एकीत नागपूरचं विमानतळ, दुसरीत दोह्याचं. खाली समुद्रावरून गेलेली एक वाकडी रेघ.

"अठ्ठावीसशे."

एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या माणसाला भागाकाराला कागद लागत नाही. "घंट्याले सोळाशे! इमान हाय का बंदुकीची गोई?"

"बाबा, तसं नसते. लागते सव्वाचार घंटेच. तिथची घडी आपल्यापेक्षा अडीच घंटे मांगं हाय."

"मांगं हाय त पुढं कराव. आपल्या डेपोतली घडी मांगं पडे त कंट्रोलर स्टुलावर चढून पुढं करे."

साधना हसली. हा धडा तिने याआधीही दिला होता. लिंबू आणि टॉर्च घेऊन दिला होता, सूर्य इथे आधी उगवतो आणि तिथे मागून हेही सांगून झालं होतं. बाबा सगळं नीट ऐकत, मान हलवत, आणि पुढच्या खेपेला तिकीट हातात आलं की पुन्हा निघण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा करत.

"अन् येतानी?" ते आता रंगात आले होते. "सांजच्याले आठले बसली अन् रातचे सव्वादोनले उतरली. सव्वासहा घंटे! तेच इमान, तोच रस्ता. म्या तीस वर्सं गाडी चालवली. तोच रस्ता जातानी कमी अन् येतानी जास्त कवा लागते? घाट असन तवा. जायले उतार, यायले चढाव. थ्या रेघेतच पाय ना, वाकडी हाय का नाई?"

"वाकडी हाय, कारन पृथ्वी गोल हाय."

"मंग? चढाव आलाच ना त्याच्यात!"

आई हात पुसत दारात आली. "जाऊ दे वं, कोनाच्या नादी लागतं. याहीले एकडाव घाट दिसला का उतरत नाई हे."

भगवानरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कागदाची घडी घालता घालता ते मध्येच थांबले. "बरं, तू म्हनतं तसं धरू. लागते सव्वाचार, दिसते पावणेदोन. मंग मधातले अडीच घंटे राह्यते कुठी?"

"कुठीच नाई, बाबा."

"असं कसं? गाडी धावली, डिझेल जळलं, मानूस बसून राह्यला, अन् टाइम कुठीच नाई?" त्यांनी कागद तिच्या हातात दिला. बोलणं एकाएकी हळू झालं. "मले वाटते, माह्यापाशी राह्यते. तू जातानी इथं सोडून जाते, येतानी घेऊन येते. म्हनून त येतानी जास्त लागते."

साधनाने चेन एकदाची ओढून घेतली.

भगवानरावांच्या आयुष्यात दुसऱ्यांना सांगण्यासारखं फार काही घडलं नव्हतं. पुसद-नागपूर, पुसद-नांदेड, मधली काही वर्षं ढाणकीची मुक्कामी गाडी. अपघात नाही, बक्षीस नाही. रात्रीबेरात्रीच्या रस्त्यावर त्यांना कधी काही दिसलंही नाही. कुणी भुताखेताचं काढलं, की ते म्हणत, "तीस वर्सं रातचा फिरलो. भूत चढलं असतं त किसनसिंगानं तिकीट फाडलं असतं." किसनसिंग हा त्यांचा कंडक्टर. दोघांनी अर्धी नोकरी एकाच गाडीवर काढली, आणि रिटायर झाल्यावरही रोज सकाळी स्टँडवरच्या बाकड्यावर एकत्र बसायचं सोडलं नाही.

त्यांचा म्हणावा असा एक शब्द मात्र होता. बाकीची माणसं घरी येतात तेव्हा 'आलो' म्हणतात. भगवानराव फाटकाच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारत, कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर मारतो तशा, आणि उंबऱ्याशी चपला काढताना म्हणत, "पोचलो." मग आई चहाचं आधण ठेवी. पूर्वी नागपूरला मुक्काम पडला, की शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर तोच एक शब्द येई. दुकानदार ओट्यावरून ओरडे, "भवरेबाई, पोचले!" आणि लहानगी साधना तेवढं ऐकून झोपी जाई.

साधना तो शब्द कधी म्हणत नसे. असं तिने काही ठरवलं नव्हतं. विमान उतरलं, की रांगा, बॅगा, गाडी. चालता चालता फोनवर वर केलेला आंगठा पाठवायचा, की झालं. मागच्या खेपेला त्यावरून घरात केवढं तरी रामायण झालं होतं, आणि निघता निघता बाबांनी ते पुन्हा काढलं.

"अन् हे पाय, आंगठा नोको पाठवू मले."

"बाबा, त्याचा अर्थ सगळं बरं हाय असा असते."

"मले नोको सांगू आंगठ्याचा अर्थ. माह्या बापानं जलमभर आंगठा देल्ला. म्या सही शिकलो. अन् तू एवढी शिकून-सवरून बापाले आंगठा पाठवून राह्यली?" ते हसत होते, पण अर्धेच. "तुया बुकाच्या भाषेत पोचले म्हन, नाई त मायच्या भाषेत पोचली म्हन. पन तोंडानं म्हनजो."

"हाव."

"मी बसून राहीन साडेपाचले."

"साडेपाचले नाई, आपल्या घडीत आठ वाजतीन."

"मी बसून राहीन," भगवानराव म्हणाले.

स्टँडवर किसनसिंग बाकड्यावर होताच. "काय बेटा, चालली का उताराले?" त्याने विचारलं. म्हणजे चढ-उताराचं ते गणित आता गावभर झालं होतं. गाडी लागली. बाबांनी बॅग वर चढवून दिली आणि ते मागे जाऊन उभे राहिले. कंडक्टरने घंटी द्यायच्या आधीच त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. साधनाने खिडकीतून हात हलवला. दुसऱ्या हातात फोन होता, त्यावर कुणाचा तरी निरोप आला होता. तिने तो वाचला आणि मान वर केली, तेव्हा गाडी स्टँडबाहेर पडली होती.

•

विमान थोडं लवकरच उतरलं. पासपोर्टच्या रांगेत साधनापुढे एक मोठं कुटुंब होतं. समोर भिंतीवर गोल घड्याळ होतं. साडेपाचला पंधरा-एक मिनिटं कमी होती. तिने फोन चालू केला आणि तो लगेच थरथरला. पडद्यावर 'बाबा' असं आलं.

पुढच्या काउंटरवरच्या माणसाने हाताने 'फोन नको' अशी खूण केली. साधनाने फोन कापला आणि आंगठ्याला सवय होती म्हणून आंगठा पाठवला. पाठवल्यावर तिला आठवलं. 'बाहेर पडल्यावर करते,' असं ती मनाशी म्हणाली.

शिक्का बसला. ती बॅगांच्या पट्ट्याशी पोचते तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी संघदीप, तिचा धाकटा भाऊ.

"ताई, पोचली का?"

"हाव, आत्ताच. बाबाले दे, मघा त्याहीचा फोन आलता तो कापला म्या."

तिकडे मागे बायकांचे आवाज येत होते. "ताई," संघदीप म्हणाला, "बाबा गेले. साडेपाचले."

साधनाने वर पाहिलं. पट्ट्याच्या वरही घड्याळ होतं. साडेपाच वाजत होते. काटा त्या आकड्यावर आत्ताच येऊन टेकला होता.

"आत्ता?"

"नाई वं. सकाळी. आपल्या साडेपाचले. तू इमानात होती म्हनून आतापर्यंत थांबलो. खुर्चीतच होते ओसरीत, फोन हातात. डाक्टर येऊन गेला. आता इथं आठ वाजले."

ती उभीच राहिली. बॅग एकदा समोरून गेली, पुन्हा आली. काय विचारायचं ते तिला नीट कळत होतं, तरी तोंडातून भलतंच निघालं, "मंग मले फोन कोनं केला?"

"कोनता फोन?"

"बाबाच्या फोनवरून. दहा-पंधरा मिनिटं झाले असतीन."

"त्याहीचा फोन पडला, ताई, हातातून. फुटला. बंद हाय. कपाटात ठेवला म्या." मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "तू ये. तू आल्याबिगर काही करत नाई."

त्याच संध्याकाळचं विमान मिळालं. पूर्ण प्रवासात साधनाला एक गोष्ट जाणवत राहिली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. विमान सरळ झालं होतं, पट्ट्यांचा दिवा विझला होता, शेजारच्या बाईच्या पेल्यातलं पाणी हलतसुद्धा नव्हतं. तरी तिची पाठ खुर्चीला दाबली जात होती, पाय वर उचलल्यासारखे वाटत होते. विमान चढत होतं. शेवटपर्यंत चढत होतं.

•

अंत्यसंस्कार दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, आणि वस्तीतल्या माणसांची लांबच लांब रांग. साधनाने बाबांचा हात हातात घेतला. असे हात तिने नोकरीत पुष्कळ धरले होते. हा त्यांच्यासारखाच होता.

काही दिवसांनी बाबांसाठी ठेवलेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, पाहुणे पांगले, तेव्हा आई तिच्याजवळ येऊन बसली. समोर बुद्धाच्या तसबिरीखाली बाबांचा फोटो होता, एसटीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, खाकी शर्टातला.

"तू नर्स हाय," आई म्हणाली. "तुले इचारतो. मानूस गेल्यावर हात गरम राह्यतेत का?"

"थोडा वेळ राह्यतेत, आई. हळूहळू थंडे पडतेत."

"हळूहळू नाई पडले. डाक्टर पाहून गेला, म्हने गेले. पन माह्या हातात त्याहीचा हात, अन् चुलीपाशी बसून आल्यावानी गरम. मी कोनाले बोलली नाई. बायका रडून राह्यलत्या अन् मी मनात म्हनो, हे लोकं काहून रडून राह्यले, हे त हायेत. आठ वाजेपर्यंत. मंग संघदीपनं तुले फोन लावला, अन् एकदम थंडे. सोडून देल्ल्यावानी."

संघदीप सतरंजीची घडी करत होता. तो नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होता आणि असल्या बोलण्याचा त्याला मनापासून राग होता. "आई, आपन बौद्ध हावो. आपल्यात आत्मा-बित्मा नाई. बाबा असते त त्याहीनंच हासून घालवलं असतं."

"मी कुठी आत्मा म्हनलं? मी हात म्हनून राह्यली."

साधनाने फोन काढून भावासमोर धरला. त्या सकाळच्या नोंदीत 'बाबा' असं लिहिलेलं होतं, वेळेसकट. त्याखाली तिने पाठवलेला आंगठा. तो कुणी पाहिल्याची खूण त्यावर नव्हती.

संघदीपने बराच वेळ पाहिलं. "त्याहीनं पहाटीच लावला असन. तू वर होती. मंग तू फोन चालू केला तवा दिसला. नेटवर्कचं असंच असते."

"वाजला तो. म्या कापला."

"ताई, तू झोपीतून उठेल होती, थकेल होती..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "पुरे कर ना. मले त झोप नाई लागत आधीच."

तिने फोन ठेवून दिला. भांडायचं नव्हतंच. फोन कसा आला हे तिला शोधायचं नव्हतं. आपण पोचल्याचं बाबांना कळलं होतं की नाही, एवढंच तिला हवं होतं. ते साडेपाचची वाट पाहत बसले होते. त्यांच्या हिशेबाने विमान तेव्हाच उतरायला हवं होतं, आणि फोन वाजला नव्हता. वाट पाहता पाहता ते गेले, की ऐकून? आणि ऐकलं म्हणावं, तर ती बोललीच कुठे होती?

•

किसनसिंग घरी आला नाही. अंत्ययात्रेत तो सगळ्यांच्या मागे होता, आणि त्यानंतर पुण्यानुमोदनालाही त्याचा पत्ता नव्हता. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साधनाला परत निघायचं होतं. सकाळी ती स्टँडवर गेली. तो बाकड्यावर एकटाच होता, एका कडेला सरकून, शेजारची जागा मोकळी ठेवून.

"काका, घरी काहून नाई आले?"

"तब्येत बरी नव्हती, बेटा."

"खोटं बोलता."

किसनसिंगने टोपी काढून मांडीवर ठेवली. समोर दिग्रसची गाडी मागे घेत होते, कुणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत होतं. "संघदीप मास्तर हासन मले," तो म्हणाला. "तू हासशीन का?"

"नाई हासत."

"भवरे डायवर आलता त्या रोजी. इथं. आठाच्या आत."

साधना बसली. मोकळ्या जागी नाही, पलीकडच्या कडेला.

"मले कोनी सांगतलं नव्हतं अजून, थो गेला म्हनून. मी आपला रोजच्यावानी बसेल. थो आला, तिथं, नागपूरच्या फलाटावर उभा राह्यला. म्या म्हनलं, ये बे, चहा घेऊ. म्हने, नाई, पोट्टी पोचाची हाय. म्या म्हनलं, अबे थे त इमानात हाय, इथं काय उभा राह्यला? म्हने, थांब ना, तिचा टाइम हाय अजून माह्यापाशी." किसनसिंगने फलाटाकडे बोट केलं. "मंग माह्याकडे पाह्यलं अन् म्हने, किसन, डबल दे."

"डबल?"

"डबल बेल, बेटा. एक टोला देल्ला का गाडी थांबते, दोन देल्ले का निंगते. डबल भेटल्याबिगर भवरे डायवर कधीच हालला नाई. गाडी रिकामी असो का लेट असो. कंडक्टरनं सांगाव का सारे चढले, सारे पोचले, तवा थो गिअर टाके." त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "म्या हासलो. म्हनलं, गाडी कुठी हाय तुई, डबल कायले देऊ? तेवढ्यात चहावाल्यानं कप देल्ला म्हनून मान वळवली. पाह्यतो त फलाटावर कोनी नाई. मंग अर्ध्या घंट्यानं खबर आली."

त्याने मांडीवरची टोपी उचलून हातात धरली.

"आयुष्यभर देल्ला म्या त्याले डबल. त्याच रोजी नाई देल्ला. कोन्या तोंडानं येऊ तुह्या घरी?"

दिग्रसची गाडी निघाली. तिच्या कंडक्टरने दोरी दोनदा ओढली. किसनसिंगने मान खाली घातली.

साधना उठली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तसं करण्याची त्या दोघांत रीत नव्हती. "काका, थो डबल तुमचा नव्हताच द्यायचा, माहा होता," ती म्हणाली. "चहा घ्याले या घरी. आई वाट पाह्यते."

स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता सपाट होता. ती लहानपणापासून त्यावरून चालत आली होती. त्यात कुठे चढ नव्हता. तरी फाटकाशी आली तेव्हा तिला धाप लागली होती. आठ वाजत आले असावेत. ओसरीत बाबांची खुर्ची तशीच रस्त्याकडे तोंड करून होती. कुणी ती उचलली नव्हती, आणि आल्या-गेल्यातलं कुणी तिच्यावर बसलंही नव्हतं. उन्हाचा पट्टा तिच्या पायांशी येऊन थांबला होता. आत आई भांडी लावत होती.

साधनाने फाटकाच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा सकाळीच कोमट होता. तिने एक थाप मारली, थांबली, मग दुसरी मारली.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. जरा वेळाने आईने विचारलं. तो आवाज साधनाच्या आठवणीतला होता, पण ती मोठी झाल्यापासून तिने तो इतका सावध कधी ऐकला नव्हता.

"पोचले का?"

साधनाने उंबऱ्याशी चपला काढल्या. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तोंडाने, मोठ्याने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं,

"पोचले, बाबा. पोचले."